लॅपटॉपचा डेड मदरबोर्ड : घरच्या घरी तपासणी आणि दुरुस्ती

ॲडॉप्टर लावूनही दिवा लागत नाही, बटण दाबले तरी पंखा हलत नाही, अशा लॅपटॉपच्या मदरबोर्डाला दुरुस्तीवाले डेड बोर्ड म्हणतात. तो बहुतेक वेळा पूर्ण मेलेला नसतो. जॅकमधून आलेली १९ व्होल्टची वीज प्रोसेसरपर्यंत पोचताना अनेक टप्पे ओलांडते आणि त्यांतला एक तुटला की पुढचे सगळे बंद पडते. तुटलेला टप्पा मीटरने शोधणे हा या दुरुस्तीचा गाभा आहे. सोल्डरिंग त्यानंतरचे, आणि त्या मानाने थोडे. मोजमाप न करता हॉट एअरने (सोल्डर वितळवणाऱ्या गरम हवेच्या झोताने) बोर्ड तापवणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण त्यात चांगले भाग जातात आणि मूळ बिघाडाचा मागही पुसला जातो.

ग्रामीण विदर्भात हे काम घरी करण्याला व्यावहारिक कारण आहे. भामरागड, सिरोंचा किंवा धारणीहून यंत्र नागपूर-अमरावतीला नेऊन टाकायचे आणि परत आणायचे म्हणजे दोन खेपा आणि तितक्या दिवसांची मजुरी बुडणे. सेवा केंद्र चालवणाऱ्याचे तर तेवढे दिवस दाखले थांबतात. तालुक्याच्या गावी मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात हॉट एअर बहुधा असते, पण लॅपटॉपचा बिघाड शोधत बसायला तिथे वेळ नसतो. बिघाड घरी शोधून ‘एवढा कपॅसिटर काढून द्या’ इतकेच काम दुकानात नेले, तर ते उभ्या-उभ्या होते.

इथली नेहमीची कारणे

डीपीवरचा न्यूट्रल तुटला की घरात २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या जवळपास दाब येऊ शकतो. ॲडॉप्टर १०० ते २४० व्होल्टसाठी बनवलेला असतो. त्यातला मोठा कपॅसिटर फुटतो आणि बरेचदा बोर्ड वाचतो. म्हणून ‘लाइट जास्त आली आणि बंद पडला’ या तक्रारीत आधी ॲडॉप्टर पाहावा. मृगाच्या आसपासच्या विजांचे तसे नाही. छतावरच्या इंटरनेट डिशची लॅन केबल जोडलेली असेल तर झटका थेट लॅनच्या चिपमध्ये शिरतो आणि ती ३.३ व्होल्टची लाइन शॉर्ट करून (थेट ग्राउंडला जोडून) बसते.

दुसरे कारण कूलर. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांवर असताना लॅपटॉप कूलरच्या झोतात ठेवला जातो. बोअरचे पाणी जड असते. त्याचे बारीक तुषार बोर्डावर वाळतात, मागे पांढरे क्षार राहतात आणि पावसाळी दमटपणात तेच क्षार वीजवाहक होऊन तांबे हिरवे करतात. हिंगणघाट, वणी, यवतमाळकडच्या जिनिंगच्या पट्ट्यात कापसाची तूस हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या पात्यांच्या) फटींत बसते, तर गोंदिया-भंडाऱ्याकडे राइस मिलचा कोंडा. अशी यंत्रे तापून मधेच बंद पडतात, पण तो डेड बोर्ड नव्हे. पंखा साफ करून, पेस्ट बदलून भागते.

अर्थिंगचे दुखणे वेगळे. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग नावालाच उरते. अर्थ नसलेल्या सॉकेटवर ॲडॉप्टरच्या आउटपुटवर निम्म्या दाबाची, म्हणजे ११० व्होल्टच्या आसपासची गळती येते. हाताला झिणझिण्या येतात त्या याच. प्रवाह अगदी कमी असला तरी उघड्या बोर्डावर काम करताना तो चिपला घातक ठरू शकतो. सोल्डरिंगआधी अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतावे आणि बोर्डाला ॲडॉप्टर जोडलेला ठेवू नये.

साहित्य

डिजिटल मल्टिमीटर, बारीक टोकाचे प्रोब, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ टूथब्रश, फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारा लेप), तापमान ठरवता येणारी सोल्डरिंग गन आणि ०.५ मिमीची ६३/३७ (कथील-शिसे) सोल्डर वायर. ३० व्होल्ट ५ अँपिअरचा डीसी सप्लाय असला तर उत्तम. नसेल तर ट्रकच्या इंडिकेटरचा २४ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब आणावा. महामार्गावरच्या कुठल्याही ऑटो पार्ट्सच्या दुकानात तो मिळतो. त्याचा उपयोग पुढे येतो.

आधी ॲडॉप्टर

स्वस्त पिवळ्या मीटरची २० व्होल्टची रेंज १९.९९ पर्यंतच दाखवते. लेनोवोचा २० व्होल्टचा ॲडॉप्टर त्यावर नुसता ‘१’ दाखवतो आणि चांगला ॲडॉप्टर बाद ठरवला जातो. रेंज २०० वर ठेवावी. रिकामा ॲडॉप्टर १९ व्होल्ट दाखवतो आणि लोड पडताच बसतो असेही होते. १५ ओहम ५० वॉटचा रेझिस्टर जोडल्यास सुमारे १.३ अँपिअर खेचले जातात, तेव्हाही दाब १९ च्या आसपास टिकला पाहिजे. रेझिस्टर चांगलाच तापतो, हात लावू नये. टाइप-सी चार्जर, किती दाब द्यायचा याची लॅपटॉपशी बोलणी होईपर्यंत, ५ व्होल्टच देतो. यूएसबी मीटरवर आकडा ५ वरच अडकला तर बिघाड चार्जर, केबल, पोर्ट किंवा त्यामागच्या नियंत्रक चिपमध्ये असतो.

यानंतर मागचे झाकण उघडून बॅटरीचा कनेक्टर काढावा आणि पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरावे. रॅम काढून, रबराने पुसून पुन्हा बसवावी. काही यंत्रे इतक्यावरच उठतात.

वीज कुठवर पोचते

पहिली मोजणी वीज न देता करायची. जॅकपासून आत जाताना दोन आठ-पायी मॉस्फेट (वीज सोडणारे-अडवणारे स्विच) लागतात आणि त्यांच्यापुढे ‘आर०१०’ किंवा ‘आर००५’ छापलेला जाडसर करंट-सेन्स (प्रवाह मोजायचा) रेझिस्टर. मीटर २०० ओहमवर ठेवून काळा प्रोब स्क्रूच्या भोकाच्या कड्यावर, लाल प्रोब या रेझिस्टरच्या टोकावर. प्रोब एकमेकांना टेकवल्यावर जे ०.३-०.५ ओहम दिसतात ते वजा करावेत. निरोगी बोर्डावर इथे हजारो ओहम असतात. एक-दोन ओहम किंवा त्याहून कमी आले तर १९ व्होल्टची मुख्य लाइन शॉर्ट आहे.

मग प्रत्येक कॉइलवर (बोर्डावरचे चौकोनी ठोकळे, एकेका दाबाच्या लाइनवरचे) तेच. नवशिके सर्वांत जास्त इथे फसतात: प्रोसेसरच्या कॉइलवर मीटर बीप करतो आणि ‘प्रोसेसर शॉर्ट’ म्हणून बोर्ड फेकला जातो. प्रोसेसरची लाइन मुळातच कमी ओहमची असते. २ ते ५ ओहम सर्रास, जबर ग्राफिक्स चिपवर एकाहूनही कमी, आणि तरी सगळे ठीक. ३.३ आणि ५ व्होल्टच्या कॉइलवर मात्र असा आकडा आला तर संशय खरा.

शॉर्ट नसेल तर वीज द्यावी, पण थेट नाही. ट्रकचा बल्ब ॲडॉप्टरच्या पॉझिटिव्ह तारेत सिरीजमध्ये जोडावा. गावचे वायरमन घरची लाइन सिरीज बल्बवर तपासतात, तीच रीत. बल्ब पेटून राहिला तर शॉर्ट आहे, पण प्रवाह पाऊण अँपिअरवर रोखला गेल्याने नवीन काही जळत नाही. बल्ब विझलेला राहिला तर स्टँडबायचा प्रवाह साधारण ०.०१ ते ०.०५ अँपिअर आहे असे समजून पुढे जावे. बटण दाबून यंत्र सुरू करून पाहायच्या वेळी मात्र बल्ब काढावा लागतो, नाहीतर दाब बसतो.

जॅकवर १९ आहेत आणि पहिल्या मॉस्फेटच्या पुढे नाहीत, तर मॉस्फेटपेक्षा त्याला हुकूम देणारी चार्जिंग आयसी (चिप) पाहावी. बीक्यू२४ मालिकेतल्या बऱ्याच आयसींना ॲडॉप्टर ओळखायला एका पायावर २.४ व्होल्टच्या वर दाब लागतो. तो देणाऱ्या दोन बारीक रेझिस्टरांपैकी एक गंजला की आयसी दार उघडत नाही. डेलमध्ये जॅकच्या मधल्या पिनची ओळख-तार तुटली तर यंत्र चालते, पण बॅटरी चार्ज होत नाही आणि वेग मंदावतो.

मुख्य लाइनवर १९ आले की ३.३ आणि ५ व्होल्ट बनवणारी आयसी. तिच्या आतला छोटा रेग्युलेटर १९ मिळताच जागा व्हायला हवा. तो जागा आहे पण कॉइलवर काही नाही, तर तिला परवानगी देणारा सिग्नल येत नाही. तो बहुधा आयटीई किंवा ईएनई छापाच्या चौकोनी कंट्रोलर चिपकडून येतो. पॉवर बटणाच्या पिनवर ३.३ व्होल्ट असावेत आणि दाबताच शून्य व्हावेत. शून्य होते आणि पुढे काही घडत नाही, तर झाकणाचा चुंबकीय सेन्सर, ३२.७६८ किलोहर्ट्झचा क्रिस्टल आणि ३ व्होल्टचा सीआर२०३२ सेल पाहावा. शेवटी रॅमची लाइन (डीडीआर४ ला १.२, डीडीआर३एल ला १.३५ व्होल्ट) आणि प्रोसेसरची, एक व्होल्टच्या आसपास.

शॉर्ट शोधणे

शॉर्ट लाइनवर डीसी सप्लायने १ व्होल्ट, २-३ अँपिअर सोडायचे आणि काय तापते ते पाहायचे. बोर्डावर अल्कोहोल पसरावे; शॉर्ट झालेल्या कपॅसिटरभोवती ते सगळ्यात आधी उडते आणि ओल्या हिरव्या पृष्ठावर तिळाएवढा कोरडा ठिपका उमटतो. पंखा व कूलर बंद ठेवून पाहावे. मेच्या दुपारी अल्कोहोल एरवीच भराभर उडते, म्हणून सकाळची वेळ बरी. अल्कोहोल असताना आसपास पेटलेले काहीही नको.

त्याआधी एक मोजणी चुकवू नये. १९ व्होल्टची लाइन आणि प्रोसेसरची कॉइल यांच्यात ओहम मोजावेत. शून्याजवळ आले तर प्रोसेसरच्या बाजूचा वरचा मॉस्फेट आरपार गेला आहे, आणि मुख्य लाइनवर सोडलेला दाब थेट प्रोसेसरमध्ये जाईल. तिथे आधी मॉस्फेट काढायचा, मग पुढचे.

भाग बदलणे

दोषी कपॅसिटर काढताच लाइनचे ओहम परत आले पाहिजेत. समांतर दहा असतील तर एकाशिवाय यंत्र चालते, पण बदली बसवावी. १९ व्होल्टच्या लाइनवर किमान २५ व्होल्ट रेटिंग हवे. या कपॅसिटरवर काही छापलेले नसते. ५ व्होल्टच्या लाइनवरून उचललेला ६.३ व्होल्टचा तुकडा इथे लावला तर पुन्हा शॉर्ट ठरलेलाच. भंगार बोर्डावरून घ्यायचा तर त्याच्याही १९ च्या लाइनवरूनच घ्यावा.

कारखान्यातले शिसेविरहित सोल्डर २१७ अंशांच्या पुढे वितळते, ६३/३७ हे १८३ वर; जुन्यात थोडे नवे मिसळले की काम सोपे होते. हॉट एअर ३५० ते ३८० अंश, झोत मध्यम, शेजारच्या प्लास्टिक कनेक्टरवर कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारा). कपॅसिटर चिमट्याने ओढू नये. सोल्डर चमकून सुटले की तो आपणच हलतो. ओढला तर पॅड उखडते. मॉस्फेट व आयसी नागपूरच्या सीताबर्डीत, न मिळाल्यास मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा ऑनलाइन मागवता येतात. बोर्डावर छापलेला क्रमांक (‘एलए-’, ‘डीए०’, ‘एनएम-’ ने सुरू होणारा) टिपून घ्यावा. सर्किट आकृती त्यावरूनच सापडते, मॉडेलच्या नावावरून नाही.

पाणी गेलेला बोर्ड

तांदळाच्या डब्यात ठेवून उपयोग नाही. तांदूळ क्षार ओढत नाही. जड पाण्याचे क्षार अल्कोहोलमध्येही नीट विरघळत नाहीत. म्हणून बॅटरी व सेल काढून, बोर्ड वेगळा करून, आधी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड वॉटरने ब्रश करावे (ॲसिडची बाटली नव्हे, लेबल वाचावे), मग अल्कोहोलने, मग सावलीत पूर्ण वाळवावे. हिरवा थर कनेक्टरखाली आणि चिपच्या पायांत लपतो.

बायॉस आणि त्यापुढे

सगळे दाब आहेत, पंखा फिरतो, स्क्रीन काळी, प्रवाह एकाच आकड्यावर अडकलेला: अशा वेळी रॅमनंतर आठ-पायी बायॉस चिपचा (यंत्र सुरू करणारा पहिला प्रोग्रॅम हिच्यात असतो) संशय. सीएच३४१ए प्रोग्रॅमरने ती वाचता येते. याच्या बऱ्याच काळ्या बोर्डांमध्ये डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट येतात, म्हणून आधी मोजावे, १.८ व्होल्टच्या चिपला वेगळा ॲडॉप्टर अनिवार्य. मूळ मजकूर दोनदा वाचून दोन्ही फायली जुळतात का पाहून जपून ठेवावा. यंत्राचा अनुक्रमांक त्यातच असतो.

ग्राफिक्स चिपला ‘हीट मारून’ चालू केलेले यंत्र काही आठवड्यांत पुन्हा बसते. २००७-०८ च्या सुमारास एनव्हिडियाच्या अनेक लॅपटॉप चिपमध्ये दोष चिपच्या आतल्या सूक्ष्म जोडांत होता, बोर्डाच्या सोल्डरमध्ये नव्हे. बाहेरून तापवून तो बरा होत नाही. रिबॉलही (चिपखालचे सोल्डरचे गोळे बदलणे) तिथे व्यर्थ.

प्रोसेसरच्या कॉइलवर १९ व्होल्ट पोचून गेले असतील आणि प्रोसेसर बोर्डालाच सोल्डर केलेला असेल, तर दुरुस्ती थांबवावी. तो बोर्ड टाकू नये: जॅक, २५ व्होल्टचे कपॅसिटर, मॉस्फेट, सेन्स रेझिस्टर आणि कंट्रोलर चिप पुढच्या कामाला येतात. क्रमांक लिहून, कोरड्या डब्यात, झुरळांपासून दूर ठेवावा.