उजेडाने पॉलिमरवर नक्षी काढायची गोष्ट आली कुठून?

स्क्रीन प्रिंटिंगचं काम बघितलंय का कधी, गिरगावात नाहीतर लोअर परळच्या एखाद्या गाळ्यात? फ्रेमच्या जाळीवर इमल्शन म्हणजे उजेडाने कडक होणारा लेप लावतात, वर पॉझिटिव्ह म्हणजे नक्षीची फिल्म ठेवून लाइट मारतात आणि मग पाण्याने धुतात, उजेड लागला तिथलं कडक होतं आणि बाकीचं वाहून जातं. पवईला आयआयटीच्या क्लीनरूममध्ये एसयू-८ नावाच्या पॉलिमरचे (प्लास्टिकसारखा लांब साखळ्यांचा पदार्थ) बारीक कॅन्टिलिव्हर, म्हणजे एका टोकाला धरलेल्या पट्ट्या, करतात तिथेही तत्त्व हेच, माप तेवढं मायक्रॉनमध्ये. म्हणून मला तरी वाटतं की या नक्षीकामाचं मूळ कॉम्प्युटरच्या चिपमध्ये नाही, छपाईत आहे.

फ्रान्सच्या निएप्सने १८२६-२७ च्या सुमारास उजेडात कडक होणारं डांबर प्लेटवर लावलं आणि न कडकलेलं लॅव्हेंडरच्या तेलाने धुऊन काढलं. मग १८५५ मध्ये पॉइतव्हँने जिलेटिनमध्ये बायक्रोमेट (क्रोमियमचा क्षार) घालून छपाई केली, स्क्रीनवाले ते केमिकल पुढे कितीतरी वर्षं वापरत राहिले. नंतर कोडॅकच्या लुई मिन्स्कचं फोटोरेझिस्ट, म्हणजे उजेडाने नक्षी उमटणारा लेप, आलं आणि पुढे चिपवाल्यांनी ते उचललं.

खरी गंमत १९९५ ची. कॅनडातली किंग्स्टनची एक टीम आणि अमेरिकेत लोवेलला सुकांत त्रिपाठी, जयंत कुमार वगैरेंची दुसरी, दोघांनी त्याच वर्षी छापलं की अ‍ॅझोबेन्झीन नावाचा रेणू असलेल्या पॉलिमरवर लेसरचे दोन किरण एकमेकांवर पाडून उजेड-अंधाराचे पट्टे केले की पॉलिमर स्वतःच सरकतं आणि शेकडो नॅनोमीटर उंचीच्या रेघा उठतात. धुणं नाही, केमिकल नाही! हा रेणू उजेडात सारखा वाकतो आणि सरळ होतो (वाकडं रूप हार्टली या रसायनशास्त्रज्ञाने १९३७ मध्येच दाखवलं होतं), पण त्याने घट्ट, न वितळलेलं प्लास्टिक कसं काय सरकतं यावर अजून वाद चालूच आहे, कारण नुसत्या उष्णतेचा खेळ म्हणावा तर उजेड तेवढाच ठेवून पोलरायझेशन, म्हणजे प्रकाशलहरींच्या कंपनाची दिशा, बदललं तरी नक्षीची खोली बदलते. शिवाय पुरेसं तापवलं की रेघा पुसल्या जातात, म्हणजे परत काढायला मोकळे.

आता पट्ट्यांच्या पलीकडची नक्षी हवी असेल तर प्रोजेक्टरमधली बारीक आरशांची चिप वापरतात, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या हॉर्नबेकची १९८७ ची, मास्क (उजेड अडवणारा नक्षीचा साचा) बनवायची कटकटच नाही. अडचण एकच, अ‍ॅझोवालं पॉलिमर साधारण पिवळं-नारिंगी-लाल असतं, त्यामुळे स्वच्छ पारदर्शक काही हवं असेल तर लोक अजून धुण्याच्या पद्धतीकडेच वळतात.