कोकेनविरोधी लस

कोकेनच्या व्यसनावर उपचार म्हणून शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीचा वापर करण्याच्या पद्धती. त्यांत कोकेनविरोधी प्रतिपिंडे शरीरातच तयार करून घेणारी लस आणि बाहेर तयार केलेली प्रतिपिंडे टोचणे असे दोन मुख्य मार्ग आहेत. ओपिऑइडच्या (अफू, हेरॉइन यांसारख्या पदार्थांच्या) व्यसनावर मेथाडोनसारखी औषधे आहेत. कोकेनसाठी अमेरिकेच्या औषध नियामकाने अद्याप एकाही औषधाला मान्यता दिलेली नाही, म्हणूनच या संशोधनाकडे अनेकांचे डोळे लागलेले आहेत.

कोकेन मेंदूत शिरून डोपामाइन हे सुखाच्या जाणिवेशी निगडित रसायन परत शोषून घेणारी वाहक प्रथिने अडवते. डोपामाइन साचते आणि नशा चढते. नेहमीची औषधे मेंदूतच हा परिणाम रोखू पाहतात. लस मात्र कोकेनला रक्तातच गाठते. प्रतिपिंड आकाराने एवढे मोठे असते, की त्याला चिकटलेला कोकेनचा रेणू रक्तातून मेंदूत जाऊ शकत नाही.

अडचण अशी, की कोकेनचा रेणू फारच लहान असल्यामुळे रोगप्रतिकारयंत्रणा त्याची दखलच घेत नाही. अशा लहान रेणूंना ‘हॅप्टेन’ म्हणतात. ही संकल्पना रोगप्रतिकारशास्त्रज्ञ कार्ल लँडस्टायनर यांची. हॅप्टेन मोठ्या प्रथिनाला जोडला, की शरीर त्याच्याविरुद्धही प्रतिपिंडे बनवू लागते. याच युक्तीने १९७४ मध्ये हेरॉइनची सवय असलेल्या माकडावर मॉर्फिनविरोधी लसीकरणाचा प्रयोग झाला (हेरॉइनचे शरीरात मॉर्फिन होते). कोकेनविरोधी लसीने उंदरांवरील कोकेनचा उत्तेजक परिणाम कमी होतो, हे रसायनशास्त्रज्ञ किम जांडा यांच्या गटाने १९९५ मध्ये दाखवले.

माणसांवर सर्वाधिक अभ्यासलेली लस म्हणजे टीए-सीडी. तिच्यात कोकेनसदृश रेणू कॉलऱ्याच्या विषाच्या निरुपद्रवी ‘बी’ भागाला जोडलेला असतो. कोकेनबरोबरच ओपिऑइडचेही व्यसन असलेल्या आणि त्यासाठी मेथाडोन घेणाऱ्या ११५ जणांवरील चाचणीचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. बारा आठवड्यांत पाच डोस देऊनही लस घेतलेल्यांपैकी फक्त ३८ टक्के लोकांच्या रक्तात पुरेशी, म्हणजे मिलिलिटरमागे ४३ मायक्रोग्रॅम प्रतिपिंडे तयार झाली. त्यांच्या लघवीचे कोकेनमुक्त नमुने इतरांपेक्षा जास्त होते, पण हा परिणाम दोनेक महिनेच टिकला. पुढे ३०० जणांवर झालेल्या मोठ्या चाचणीत (२०१४) अपेक्षित मुख्य परिणाम सिद्ध झाला नाही.

असे का झाले, हे साध्या हिशेबाने कळते. एक प्रतिपिंड कोकेनच्या रेणूपेक्षा सुमारे ५०० पट जड, आणि ते एका वेळी दोनच रेणू धरते. म्हणजे एक मिलिग्रॅम कोकेन पूर्ण अडवायला जवळपास २५० मिलिग्रॅम प्रतिपिंडे लागतात. नशा चढत नाही म्हणून कोणी मात्रा वाढवली, तर ही भिंत ओलांडता येते, आणि तेव्हा अतिमात्रेचा धोका उभा राहतो. लसीची खरी मर्यादा इथे आहे: ती नशा अडवते, तलफ नाही. ज्याला मनापासून सोडायचे आहे, त्याच्या एखाद्या घसरणीचे पुन्हा व्यसनात रूपांतर होऊ नये, यासाठी ती उपयोगी पडू शकते. समुपदेशन आणि माणसांचा आधार यांची जागा ती घेऊ शकत नाही. शिवाय कोकेन बंद झाले म्हणून कोणी मेथॅम्फेटामिनसारख्या दुसऱ्या उत्तेजक अमली पदार्थाकडे वळला, तर त्याविरुद्ध ती निरुपयोगीच ठरते.

प्रतिपिंडांचे प्रमाण वाढवण्यासाठी अमेरिकी संशोधक रोनाल्ड क्रिस्टल यांच्या गटाने मोडून निष्प्रभ केलेल्या अडेनोव्हायरसला (सर्दीसारखे आजार करणाऱ्या विषाणूला) कोकेनसदृश रेणू जोडला. नशा जाणवण्यासाठी डोपामाइन वाहकांपैकी किमान ४७ टक्के कोकेनने व्यापावे लागतात, असे मानले जाते. लस दिलेल्या माकडांच्या मेंदूच्या पेट स्कॅनमध्ये (किरणोत्सारी खूण वापरून घेतलेल्या प्रतिमांमध्ये) हे प्रमाण २० टक्क्यांखाली राहिले. ब्राझीलमधील मिनास जेराइस संघीय विद्यापीठातील ‘कॅलिक्सकोका’ लसीत प्रथिनाऐवजी कृत्रिम रेणूचा वाहक वापरला आहे. गर्भातील पिल्लांना कोकेनपासून वाचवता येते का, हेही गाभण उंदरांवर तपासले गेले.

दुसऱ्या मार्गातील, म्हणजे बाहेर तयार केलेल्या प्रतिपिंडांचा परिणाम टोचल्याबरोबर सुरू होतो, त्यामुळे अतिमात्रेच्या वेळीही त्यांचा विचार होतो. मात्र ती कालांतराने रक्तातून नाहीशी होतात. अमेरिकी संशोधक डोनाल्ड लँड्री यांनी १९९३ मध्ये कोकेनला नुसते न धरता तोडून टाकणारे उत्प्रेरक प्रतिपिंड तयार केले. एक रेणू तोडून ते पुढच्यासाठी मोकळे होत असल्याने वरचा हिशेबच बदलतो.

लस घेतलेल्याच्या रक्तात प्रतिपिंडांची खूण काही काळ राहते. ती चाचणीत उघड झाली, तर नोकरी किंवा विम्याच्या वेळी त्या व्यक्तीवर व्यसनी असल्याचा शिक्का बसू शकतो. मुलांना आधीच लस टोचावी का, किंवा कैद्यांवर ती सक्तीची करावी का, हेही प्रश्न विचारले गेले आहेत. स्वतः सोडू न इच्छिणाऱ्यावर ती लादणे वैद्यकीयदृष्ट्याही धोक्याचे आहे, कारण मात्रा वाढवण्याची शक्यता त्याच्याच बाबतीत सर्वाधिक असते.