एक्लिप्स रिच क्लायंट प्लॅटफॉर्म

एक्लिप्स रिच क्लायंट प्लॅटफॉर्म, बोलताना सगळे नुसतं आरसीपी म्हणतात, हा जावामध्ये डेस्कटॉप अॅप बनवायचा तयार सांगाडा आहे. एकच कोड विंडोज, लिनक्स आणि मॅकवर चालतो आणि अख्खं अॅप प्लगिनचं, म्हणजे जोडता-काढता येणाऱ्या सुट्या भागांचं, बनलेलं असतं. अख्खं म्हणजे खरंच अख्खं, मेन्यू, हेल्प, अपडेटची सोय, एवढंच काय तुमचा स्वतःचा कोडसुद्धा इथे एक प्लगिनच असतो, त्याला वेगळा मान नाही.

आयबीएमने एक्लिप्स नोव्हेंबर २००१ मध्ये ओपन सोर्स केलं तेव्हा ते प्रोग्रामिंगची टूल्स बांधण्यासाठीचं प्लॅटफॉर्म होतं. पण लोकांच्या लक्षात आलं की यातला जावा एडिटर, डीबगर वगैरे काढून टाकलं तरी खाली उरतं ते चांगलं भक्कम आहे, खिडक्या आहेत, सरकवता येणारे व्ह्यू म्हणजे खिडकीतले कप्पे आहेत, सेटिंग्जचं पान आहे, मग त्यावर आपलं वेगळंच अॅप का उभारू नये? जून २००४ च्या ३.० आवृत्तीत हा खालचा भाग आरसीपी म्हणून रीतसर वेगळा काढला. त्याच आवृत्तीत प्लगिन चालवणारा जुना घरगुती रनटाइम सोडून ओएसजीआय हे जावाचे सुटे भाग जोडण्याचं मानक घेतलं, त्याची एक्लिप्समधली अंमलबजावणी म्हणजे इक्विनॉक्स. ओएसजीआयचं काम १९९९ मध्ये सुरू झालं ते घरातल्या गेटवे बॉक्ससारख्या उपकरणांसाठी, मशीन चालू असतानाच सॉफ्टवेअरचे भाग घालता-काढता यावेत म्हणून, आणि तीच गरज नेमकी डेस्कटॉपलाही होती.

आता मुख्य गोष्ट, एक्स्टेंशन पॉइंट, म्हणजे एका प्लगिनने दुसऱ्यासाठी ठेवलेली जोडणीची जागा. हे समजलं की बाकीचं आपोआप उलगडतं. समजा भिंतीत खुंट्या ठोकल्यात आणि प्रत्येक खुंटीवर लिहिलंय की इथे काय टांगायचं. एक प्लगिन खुंटी ठोकतो, दुसरा येऊन तिथे आपली वस्तू टांगतो, आणि खुंटी ठोकणाऱ्याला टांगणारा कोण हे आधी माहीत असायची गरज नसते. नवा व्ह्यू हवा असेल तर प्लगिन डॉट एक्सएमएल या फायलीत चार ओळी लिहायच्या, नाव काय, आयकॉन कोणता, क्लास कोणता. प्रोग्राम सुरू होताना फक्त ही माहिती वाचली जाते, क्लास लोडच होत नाही, म्हणजे मेन्यूत तुमचं बटण दिसतं, आयकॉन दिसतो, पण मागचा कोड मेमरीत येतो तो कोणीतरी ते बटण दाबल्यावरच. शेकडो प्लगिन असलेलं अॅप उघडतं ते यामुळे. माझ्या मते आरसीपीमधली सगळ्यात सुंदर कल्पना हीच आहे.

दुसरा खांब एसडब्ल्यूटी, म्हणजे स्क्रीनवर बटणं, खिडक्या दाखवणारी लायब्ररी. जावाची स्वतःची अशीच लायब्ररी स्विंग, ती बटणं स्वतःच रंगवते, एसडब्ल्यूटी मात्र त्या त्या सिस्टिमकडून खरं बटण मागून घेतं, विंडोजवर विंडोजचं, लिनक्सवर जीटीकेचं, मॅकवर कोकोआचं. त्यामुळे तिन्हीकडे अॅप हुबेहूब सारखं दिसत नाही, पण तिन्हीकडे तिथलंच वाटतं, वापरणाऱ्याला तेच हवं असतं. याची किंमतही आहे. फॉन्ट, इमेज तुम्ही बनवली तर (पूर्वी रंगसुद्धा) काम झाल्यावर ती तुम्हीच डिस्पोज करायची, म्हणजे मोकळी करायची, नको झालेली मेमरी आपोआप साफ करणारा जावाचा गार्बेज कलेक्टर तुमच्यासाठी ते करत नाही. स्क्रीनला हात लावायचा तो फक्त यूआय थ्रेडवरून, म्हणजे स्क्रीन सांभाळणाऱ्या कामाच्या धाग्यावरून, नाहीतर इनव्हॅलिड थ्रेड अॅक्सेस म्हणून एरर येतो. मॅकवर तर जावा सुरू करतानाच पहिल्या थ्रेडवर चालव असा ऑप्शन द्यावा लागतो, तो राहिला की खिडकी उघडत नाही आणि नवा माणूस गोंधळतो.

खरा त्रास डिपेंडन्सीचा, म्हणजे एका प्लगिनला दुसऱ्याचं काय लागतं याचा. प्रत्येक प्लगिनचा क्लासलोडर (कोड शोधून मेमरीत आणणारा भाग) वेगळा असतो आणि मॅनिफेस्ट या त्याच्या माहितीच्या फायलीत जे मागितलंय तेवढंच त्याला दिसतं. फायदा मोठा आहे, एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या एकाच अॅपमध्ये भांडण न करता राहू शकतात. पण लायब्ररीची जार फाइल डोळ्यांसमोर फोल्डरमध्ये पडलेली असते आणि प्रोग्राम म्हणतो क्लास सापडला नाही, हा अनुभव इथे प्रत्येकाला येतो, माझा एक अख्खा दिवस अशा एका न लिहिलेल्या ओळीपायी गेलाय. तेव्हा अंदाज करत बसू नये, अॅप कन्सोल ऑप्शन लावून सुरू करावं, एसएस कमांडने कुठला प्लगिन कुठल्या स्थितीत अडकलाय ते बघावं आणि डायग कमांडला कारण विचारावं, ती नेमकं काय कमी आहे ते सांगते.

बिल्डसाठी आजकाल मेव्हन या जावाच्या बिल्ड टूलवर टायको हा त्याचा जोड वापरतात, त्यात तिन्ही सिस्टिमची नावं दिली की एकाच मशीनवर तिघांची पॅकेजेस तयार होतात, कारण एसडब्ल्यूटीचा सिस्टिमनुसार बदलणारा भाग वेगळ्या फ्रॅगमेंटमध्ये, म्हणजे मूळ प्लगिनला चिकटणाऱ्या पुरवणीत, ठेवलेला असतो आणि ज्याला जो हवा तो त्याच्या पॅकेजमध्ये जातो. अपडेटसाठी पी२ आहे, ते २००८ मध्ये ३.४ बरोबर आलं.

जून २०१२ च्या ४.२ आवृत्तीपासून मांडणी बदलली. खिडक्या आणि व्ह्यू यांचं एक मॉडेल, लागणाऱ्या वस्तू कोडने न शोधता बाहेरून इंजेक्शनने मिळणं, रूपासाठी वेबपेजसारखं सीएसएस, आणि जुने प्लगिनही चालावेत म्हणून मध्ये एक कंपॅटिबिलिटी लेयर.

यावर बनलेली अॅप्स बरीच आहेत. डेटाबेसवाल्यांचं डीबीव्हर, डेटा अॅनालिसिसचं नाइम, २००७ चं लोटस नोट्स ८. छोटं दोन खिडक्यांचं टूल करायचं असेल तर आरसीपी घेऊ नये, शिकण्यातच जास्त वेळ जाईल. पण दहा वर्षं चालणारं, वेगवेगळ्या टीम वेगवेगळे भाग जोडणार असं काही असेल तर ही शिस्त उपयोगी पडते.

अॅप मराठीत आणायलाही हाच प्लगिनचा मार्ग आहे. मूळ कोडला हात न लावता एक फ्रॅगमेंट बनवायचा, त्यात स्क्रीनवरची वाक्यं असलेल्या मेसेजेस फायलीची, नावाला एमआर हा मराठीचा कोड जोडलेली, प्रत ठेवायची आणि अॅप सुरू करताना भाषा ठरवणाऱ्या एनएल ऑप्शनला एमआर द्यायचं. पूर्वी या फायलीत देवनागरी सरळ लिहिता यायची नाही, प्रत्येक अक्षराचा यूनिकोड आकडा टाकावा लागायचा. जोडाक्षरं मात्र नीट दिसतात, कारण अक्षरं काढायचं काम एसडब्ल्यूटी सिस्टिमवरच सोपवतं, आणि ज्या वाक्याचं मराठी अजून झालेलं नाही तिथे मूळ इंग्रजी दिसत राहतं, म्हणून भाषांतर थोडं थोडं करत नेलं तरी चालतं.