उरलेली औषधं आमच्याकडे आणून द्या, पैसे लागणार नाहीत

परवा एका काकांनी श्रीखंडाचा डबा आमच्या औषध दुकानाच्या काउंटरवर आणून ठेवला. आत काकूंच्या आजारपणातल्या गोळ्या होत्या, गच्च भरलेल्या. निम्म्या स्ट्रिपांवर तारीखच नव्हती. त्यात दोष आमचाही आहे. सहाच गोळ्या मागितल्या की आम्ही स्ट्रिप कापतो आणि एक्स्पायरीचा तुकडा दुकानातच राहतो. तारीख बिलावर असते, म्हणून बिल जपून ठेवा.

काका म्हणाले, "कंपनीला परत पाठवता ना? मग हेही पाठवा की."

तसं होत नाही. दुकानात न खपलेला माल एक्स्पायर झाला की स्टॉकिस्टमार्फत, म्हणजे घाऊक विक्रेत्यामार्फत, परत जातो आणि आम्हाला क्रेडिट नोट मिळते, म्हणजे तेवढी रक्कम आमच्या खात्यात जमा धरली जाते. पण एकदा बिल होऊन घरी गेलेली गोळी कोणी परत घेत नाही. ती नीट जाळायला पैसे लागतात. ते कोणी भरायचे, इथेच सगळं अडतं.

फ्रान्समध्ये ते औषध कंपन्या भरतात. विकलेल्या खोक्यांच्या हिशेबाने वर्गणी 'सिक्लामेड' या संस्थेकडे जमा होते आणि औषध दुकानांना उरलेली औषधं फुकट परत घ्यावीच लागतात. ऑस्ट्रेलियात हा खर्च केंद्र सरकार करतं. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या अलमेडा काउंटीने 2012 मध्ये तो कंपन्यांवर टाकला. कंपन्या कोर्टात गेल्या. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचं अपील ऐकायलाच नकार दिला.

इतकं लांब जायलाही नको. केरळच्या औषध नियंत्रण विभागाने 2025 मध्ये कोळिकोडला 'एनप्राउड' योजना सुरू केली. निळ्या पेट्या आणि घरोघरी फिरून कचरा गोळा करणारी हरित कर्म सेना यांच्यामार्फत औषधं गोळा होतात आणि एर्नाकुलमच्या प्रकल्पात त्यांची विल्हेवाट लागते.

आपल्याकडे काय? घनकचऱ्याच्या 2016 च्या नियमांत मुदत संपलेली औषधं 'घरगुती घातक कचरा' म्हणून धरली होती आणि दर 20 चौरस किलोमीटरमागे एक संकलन केंद्र सांगितलं होतं. तुमच्या वॉर्डाचं केंद्र कुठे आहे, नगरसेवकांना जरूर विचारा. आम्हीही विचारतोय.

तोवर उरलेली औषधं आमच्या काउंटरशेजारच्या कुलूपबंद पेटीत टाका. पेटी भरली की जैववैद्यकीय कचरा प्रक्रिया केंद्राची गाडी येते आणि वजनावर पैसे घेते. ते दुकान भरतं.

गोळ्या स्ट्रिपमध्येच राहू द्या. बाटलीचं झाकण घट्ट लावा. खोक्यावर पेशंटचं नाव असेल तर खोडा. सुया, सिरिंज आणि फुटलेला थर्मामीटर पेटीत नकोत. पेटी रिकामी करताना दुकानातल्या मुलाचा हात त्यात जातो.

एक अपवाद लक्षात ठेवा. फेंटानिल, मॉर्फिन, ट्रामाडॉल अशी 17 औषधं चुकून दुसऱ्या कोणी घेतली तर जिवावर बेतू शकतं. ती घरात पडून न ठेवता संडासात फ्लश करा, असं केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेची 2025 ची मार्गदर्शिका सांगते. यादी काउंटरमागे लावली आहे. बाकी काहीही संडासात किंवा मोरीत ओतू नका, ते नदीतच जातं.

काकूंच्या डब्यातली इन्सुलिनची दोन पेनं न उघडलेली होती. काकांनी विचारलं, "कुणा गरजूला द्याल का?" नाही देता येत. फ्रिजबाहेर किती दिवस होती, कोण सांगणार?