राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपतीपदाची उमेदवारी: पात्रता, कागदपत्रं आणि शंभर सह्या

राष्ट्रपतींसोबत उपराष्ट्रपतीही आपोआप निवडून येतात, असं अनेकांना वाटतं. अमेरिकेत तशी जोडी असते, आपल्याकडे नाही. इथे दोन पदांसाठी दोन स्वतंत्र निवडणुका होतात, मतदारही वेगळे आणि अर्जही वेगळे.

पात्रता जवळपास सारखीच आहे. भारताचं नागरिकत्व हवं, वय किमान ३५ हवं आणि सरकारी लाभाचं पद नको. राज्यपाल आणि मंत्री मात्र या शेवटच्या अटीतून वगळलेले आहेत. राष्ट्रपतीपदासाठी लोकसभेवर निवडून येण्याची पात्रता लागते, उपराष्ट्रपतीपदासाठी राज्यसभेवर. शिक्षणाची अट कुठेच नाही.

कागदपत्रंही फार नाहीत. विहित नमुन्यातला अर्ज, आपलं नाव ज्या लोकसभा मतदारसंघाच्या यादीत आहे त्या नोंदीचा प्रमाणित उतारा आणि १५,००० रुपये अनामत, एवढंच. उताऱ्याची साधी झेरॉक्स चालत नाही. तो जोडलाच नाही तर अर्ज घेतानाच नाकारला जातो. अर्ज उमेदवाराने स्वतः किंवा त्याच्या सूचक-अनुमोदकांपैकी (नाव सुचवणारे आणि त्याला दुजोरा देणारे) कुणी तरी सकाळी ११ ते दुपारी ३ या वेळेत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे द्यायचा असतो. ही जबाबदारी सहसा लोकसभा आणि राज्यसभेच्या महासचिवांकडे आळीपाळीने येते.

खरी कसोटी आहे सह्यांची. राष्ट्रपतीपदाच्या अर्जावर ५० सूचक आणि ५० अनुमोदक लागतात, उपराष्ट्रपतीपदाच्या अर्जावर २० आणि २०. हे सगळे त्या निवडणुकीचे मतदारच असायला हवेत, म्हणजे राष्ट्रपतीपदासाठी निवडून आलेले आमदार-खासदार आणि उपराष्ट्रपतीपदासाठी फक्त खासदार. १९९७ पर्यंत राष्ट्रपतीपदासाठी १० अधिक १० सह्या आणि २,५०० रुपये पुरत असत. हौशी उमेदवारांना आवरण्यासाठी अट कडक केली, ते समजू शकतं. पण वय, नागरिकत्व, उतारा, पैसे सगळं जुळलेल्या सामान्य नागरिकाचा अर्ज छाननीत बाद होतो तो याच एका रकान्यामुळे, आणि हे त्याला कुणी तरी आधी सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं. उमेदवाराला चार अर्ज भरता येतात, अनामत मात्र एकदाच. एका मतदाराची सही एकाच अर्जावर ग्राह्य धरतात. दोन अर्जांवर केली तर जो आधी दाखल झाला तिथलीच टिकते. म्हणून राष्ट्रपतीपदाचे चार अर्ज म्हणजे चारशे वेगळ्या सह्या.

राष्ट्रपतींना दोन्ही सभागृहांचे निवडून आलेले खासदार आणि राज्यांचे, तसंच दिल्ली-पुद्दुचेरीचे निवडून आलेले आमदार निवडतात. आमदाराच्या मताचं मूल्य १९७१ च्या लोकसंख्येवर ठरतं: महाराष्ट्रात १७५, उत्तर प्रदेशात २०८, सिक्कीममध्ये ७. उपराष्ट्रपतींच्या निवडणुकीत आमदारांना मत नाही. फक्त खासदार मत देतात, तेही नामनिर्देशित सदस्यांसह, आणि प्रत्येकाचं मूल्य एकच. उपराष्ट्रपतींचं रोजचं काम राज्यसभेचं सभापतिपद सांभाळणं आहे, हे पाहिलं की हा फरक पटतो.

मतदान गुप्त असतं, पक्षादेश लागू होत नाही. निवडणूक आयोगाने दिलेल्या पेनानेच नावापुढे १, २ असा पसंतीक्रम लिहायचा. इथे चूक करणारे खासदारही असतात: सप्टेंबर २०२५ च्या उपराष्ट्रपती निवडणुकीत ७६७ मतांपैकी १५ बाद झाली. उरलेल्या ७५२ मध्ये कोटा, म्हणजे जिंकायला लागणारी मतं, होता ३७७: निम्मे अधिक एक. सी. पी. राधाकृष्णन यांना ४५२ मतं मिळाली, बी. सुदर्शन रेड्डी यांना ३००. पहिल्या पसंतीत कुणीच कोटा गाठला नाही, तर सर्वांत कमी मतांचा उमेदवार बाद करून त्याच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजतात. १९६९ मध्ये व्ही. व्ही. गिरी असेच राष्ट्रपती झाले.

कोट्याच्या एक षष्ठांशही मतं न मिळालेल्या पराभूत उमेदवाराचं डिपॉझिट जप्त होतं. निकालावर आक्षेप असेल तर ३० दिवसांच्या आत थेट सर्वोच्च न्यायालयात याचिका करावी लागते. ती उमेदवार करू शकतो, किंवा राष्ट्रपतीपदासाठी किमान २० आणि उपराष्ट्रपतीपदासाठी किमान १० मतदार एकत्र येऊन.