सूर्य विकणाऱ्या गावातला बर्फ

१४ फेब्रुवारी १९२८. स्वित्झर्लंडमधल्या सेंट मॉरिट्झला हिवाळी ऑलिंपिक चालू होतं आणि त्या दिवशी ५० किलोमीटर क्रॉस-कंट्री स्कीइंगची शर्यत होती. स्पर्धक सकाळी निघाले तेव्हा पारा शून्याच्या आसपास होता. मग फ्योन सुटला. आल्प्सची शिखरं ओलांडून खाली उतरणारा हा वारा. उतरताना हवा दाबली जाते आणि दर १०० मीटरला साधारण एका अंशानं तापत जाते. शर्यत संपेपर्यंत तापमान २५ अंशांच्या घरात पोचलं होतं. वाटेवरच्या बर्फाचा चिखल झाला. स्कींना सकाळच्या थंडीचं मेण लावलेलं, त्याचा आता काडीचा उपयोग नव्हता. स्वीडनचा पेर-एरिक हेडलुंड जिंकला, पण त्याला ४ तास ५२ मिनिटं लागली. चारच वर्षांपूर्वी शामोनीच्या ऑलिंपिकमध्ये विजेत्यानं हेच अंतर पावणेचार तासांत कापलं होतं. १०,००० मीटर स्केटिंगची शर्यत तर बर्फ वितळल्यामुळे अर्ध्यावरच सोडून द्यावी लागली.

गंमत अशी, की हे गाव आपला सूर्यच विकतं. एंगाडीन खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून १,८०० मीटरवर वसलेल्या सेंट मॉरिट्झचं बोधचिन्हही हसरा सूर्य आहे. १८६४ मध्ये योहानेस बाड्रुट या हॉटेलमालकानं उन्हाळा संपवून घरी निघालेल्या इंग्रज पाहुण्यांशी पैज लावली असं सांगतात: हिवाळ्यात परत या, ऊन पडलं नाही तर प्रवासखर्च माझा. पाहुणे आले, उन्हात बसले आणि आल्प्समधल्या हिवाळी पर्यटनाला तिथून बरकत आली. आज गोठलेल्या तळ्यावर घोड्यांच्या शर्यती लागतात, बघायला फरकोटवाले जमतात, आणि दुपारच्या जेवणाचं बिल पाहिलं तर आपल्याकडचा महिन्याचा किराणा आठवतो. ते असो. आपल्याला इथल्या बर्फात रस आहे. कारण उन्हावर पोट असलेल्या या गावाचा धंदा उभा आहे तो उन्हाला तोंड देणाऱ्या पदार्थावर.

बर्फाचा दिवस आदल्या रात्रीच सुरू होतो. हिमाचा पृष्ठभाग अवरक्त किरणांच्या बाबतीत जवळजवळ पूर्ण काळा असतो, म्हणजे स्वतःची उष्णता तो भराभर आकाशात फेकून देतो. एंगाडीनची हवा कोरडी आणि आकाश निरभ्र, त्यामुळे ती उष्णता परत फिरवायला वर ढगही नसतात. परिणामी वरचा थर भोवतालच्या हवेपेक्षा कित्येक अंशांनी थंड होतो. संध्याकाळी पट्ट्यांच्या चाकांची अवजड यंत्रं उतारावरून फिरतात, दिवसभरात उखडलेला बर्फ चिरडून सपाट करतात आणि मागे बारीक समांतर रेघा सोडतात. चिरडलेले कण रात्रभर एकमेकांना चिकटतात. जिथे दोन कण टेकतात तिथे पाण्याचे रेणू सरकत येऊन मानेसारखा अरुंद सांधा तयार होतो आणि तो जाड होत जातो. म्हणून यंत्र फिरल्या-फिरल्या उतारावर जाण्यात अर्थ नसतो. या सांध्यांना काही तास मिळाले, की सकाळी पहिल्या फ्युनिक्युलरनं (तारेनं ओढल्या जाणाऱ्या डोंगरी रेल्वेनं) कोर्व्हिल्याला, म्हणजे जवळपास २,५०० मीटरवर चढलेल्या माणसाला कडक आणि एकसंध उतार मिळतो. जाणकार स्कीपटू पहाटे उठतात ते यासाठी.

आता मुख्य प्रश्न: स्की घसरते कशी?

शाळेत बहुतेकांनी ऐकलेलं उत्तर असं: वजनाचा दाब पडतो, दाबानं बर्फाचा वितळणबिंदू खाली येतो, पाणी होतं आणि स्की त्यावरून घसरते. १८८६ मध्ये आयरिश शास्त्रज्ञ जॉन जोली यांनी स्केटिंगचं असंच स्पष्टीकरण दिलं होतं. कागदावर मांडून पाहू. सामानासकट ८० किलोचा माणूस, १.७ मीटर लांब आणि साडेसात सेंटिमीटर रुंद अशा दोन स्की. दाब येतो वातावरणाच्या दाबाच्या सुमारे तीन टक्के. वितळणबिंदू एका अंशानं उतरवायला लागतात जवळपास १३५ वातावरणं! म्हणजे स्कीखालचा बर्फ शून्याऐवजी उणे ०.०००२ अंशाला वितळेल. प्रत्यक्षात स्की बर्फाच्या कणांच्या टोकांवरच टेकलेली असते, त्यामुळे खरा स्पर्श शंभर पटीनं कमी धरा. तरी उत्तर उणे ०.०२. उणे दहा अंशांत मजेत चाललेलं स्कीइंग यातून समजत नाही. इतकी वर्षं हे उत्तर पाठ्यपुस्तकांत टिकून राहिलं याचंच नवल वाटतं.

१९३९ मध्ये फ्रँक बाउडन आणि टी. पी. ह्यूज या संशोधकांनी हा प्रश्न थेट बर्फावर नेऊन तपासला. जागा होती युंगफ्राउयोख. पुण्या-मुंबईच्या सहली ज्या उंच रेल्वे स्टेशनवर बर्फ बघायला जातात, तेच. तिथल्या बर्फाच्या गुहेत त्यांनी वेगवेगळे पदार्थ घासून पाहिले. उष्णता चटकन वाहून नेणाऱ्या धातूचं घर्षण जास्त भरलं, उष्णता धरून ठेवणाऱ्या पदार्थांचं कमी. अर्थ उघड होता: घासण्यातूनच उष्णता तयार होते, ती जागेवर राहिली तर पाण्याचा पातळ पापुद्रा बनतो, आणि तो वंगणाचं काम करतो. उभी असलेली स्की बर्फाला धरून बसते आणि एकदा हलली की सुळकन जाते, तेही याचमुळे. आजच्या स्कीचा तळ पॉलिएथिलीनचा असतो. तो उष्णता वाहून नेत नाही आणि पाण्याला जवळही करत नाही.

पण हेही पूर्ण उत्तर नाही. मायकेल फॅरडे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच ताडलं होतं, की बर्फाच्या पृष्ठभागावर घासल्याशिवायही काहीतरी सैल असतं. आतल्या रेणूला चार शेजारी धरून ठेवतात, वरच्याला कमी. त्यामुळे वरचे रेणू शून्याखालीही जागा बदलत फिरतात. २०१८ मध्ये अॅमस्टरडॅम आणि माइन्झच्या संशोधकांनी स्टीलचा गोळा बर्फावर सरकवून मोजमाप केलं. सर्वांत कमी घर्षण उणे सात अंशांच्या आसपास मिळालं. त्याहून थंडीत रेणू पुरेसे फिरत नाहीत, त्याहून उबेत बर्फच मऊ पडतो आणि गोळा त्यात रुततो. पुढच्या वर्षी फ्रान्समधल्या एका प्रयोगात दिसलं, की तो पापुद्रा मायक्रॉनपेक्षाही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही पातळ असतो आणि साध्या पाण्यासारखा नसून कितीतरी घट्ट, तेलकट असतो. पाणी स्वतः वाईट वंगण आहे, बोटांमधून लगेच निसटतं. बर्फाचा चुरा मिसळलेलं हे घट्ट पाणी मात्र जागा सोडत नाही.

तेव्हा स्कीपटूला हवी असते मोजकी ऊब. कमी पडली तर कोरडे कण स्कीला घासतात, जास्त झाली तर पाण्याचा थर जाड होऊन तळाला चिकटतो आणि स्की मागे खेचतो. मेणाची सगळी कारागिरी या अरुंद पट्ट्यासाठी: कडक थंडीला कडक मेण, उबेला मऊ, आणि ओल्या बर्फासाठी तळावर बारीक खाचा, म्हणजे पाण्याला वाट मिळते. फ्लोरिनयुक्त मेणं ओल्या बर्फावर अफाट चालायची. पण ती रसायनं निसर्गात विघटित होत नाहीत, म्हणून २०२३-२४ च्या हंगामापासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत त्यांच्यावर बंदी आहे.

अकरा वाजता सूर्य आपलं काम सुरू करतो. ताजं हिम अंगावर पडलेल्या प्रकाशाचा ८० ते ९० टक्के भाग परत फेकतं, म्हणून ते उन्हात तग धरतं. मात्र वितळायला लागलं की कण मोठे आणि गोल होतात, पांढरेपणा उतरतो, जास्त ऊन शोषलं जातं आणि वितळणं आणखी वेगानं होतं. सहारातली धूळ येऊन पडली तर विचारूच नका. फेब्रुवारी २०२१ मध्ये आल्प्सचे उतार नारिंगी झाले होते.

बर्फानं परत फेकलेलं ऊन जातं कुठे? आपल्या तोंडावर. उंची दर हजार मीटरनं वाढली की अतिनील किरणं दहा-बारा टक्क्यांनी वाढतात, आणि हिम त्यांतली ८० टक्क्यांपर्यंत परतवतं. हनुवटीखाली, नाकपुड्यांच्या कडेला माणूस भाजतो तो यामुळे; टोपी तिथे काही करू शकत नाही. डोळ्यांचं तर विशेष सांभाळावं लागतं, कारण हिमांधत्वाची आग काही तासांनी सुरू होते, तोवर नुकसान होऊन गेलेलं असतं. सेंट मॉरिट्झ ज्यात येतं त्या ग्राउब्युंडेन प्रांताच्या सीमेवरच्या पिझ बुइन शिखरावर १९३८ मध्ये फ्रान्झ ग्राइटर नावाचा ऑस्ट्रियन विद्यार्थी असाच भाजला होता. पुढे रसायनतज्ज्ञ झाल्यावर त्यानं उन्हापासून वाचवणारं मलम बाजारात आणलं आणि त्याला त्या शिखराचंच नाव दिलं. सनस्क्रीनच्या बाटलीवरचा ‘एसपीएफ’, म्हणजे मलम ऊन किती अडवतं हे सांगणारा आकडा, रूढ करण्यात त्याचा मोठा वाटा आहे.

दुपारी कुठे जायचं, हे भूमितीच सांगते. फेब्रुवारीच्या मध्याला सेंट मॉरिट्झमध्ये सूर्य माध्यान्हीला क्षितिजापासून जेमतेम ३० अंश वर येतो. २५ अंशांचा दक्षिणमुखी उतार त्याला जवळजवळ समोरासमोर भेटतो आणि थेट उन्हाच्या ८० टक्क्यांहून जास्त भाग पदरात पाडून घेतो. तेवढाच उत्तरमुखी उतार मिळवतो दहाएक टक्के. आठ-नऊ पटींचा फरक, तोही दरीच्या दोन बाजूंना, एकाच वेळी! कोर्व्हिल्या दक्षिणेला तोंड करून आहे, म्हणून तिथे खुर्च्या टाकून ऊन खाणाऱ्यांची गर्दी. समोरचा कोर्व्हाच उत्तरमुखी, तिथे वसंतातही बर्फ टिकतो. स्कीइंग खरंच करायचं असेल तर दुपारचा कोर्व्हाच बरा. मिरवायचं असेल तर कोर्व्हिल्याला पर्याय नाही.

सूर्य मावळला की पाणी फवारून बर्फ करणाऱ्या तोफा चालू होतात. त्यांना फक्त थंडी पुरत नाही, हवेचा कोरडेपणाही लागतो. फवारलेल्या थेंबातून थोडं पाणी उडून जातं आणि उरलेल्या थेंबाला गारवा देतं. माठातलं पाणी गार होतं तेच तत्त्व. हवा शून्य अंशाला असली आणि बरीच कोरडी असली, तर ओलं फडकं गुंडाळलेला तापमापी उणे चार-पाच दाखवतो, आणि तोफेला तोच आकडा महत्त्वाचा. असा यांत्रिक बर्फ म्हणजे गोल, ठासलेले कण. घनमीटरला ४०० ते ५०० किलो भरतात, ताजं हिम १०० किलोच्या आसपास. उन्हात म्हणूनच तो जास्त दिवस तगतो.

अडचण नोव्हेंबरची आहे. हंगाम उघडण्याआधी तोफा चालवायला पुरेसे थंड, कोरडे तास मिळावे लागतात, आणि स्वित्झर्लंड जगाच्या सरासरीच्या जवळजवळ दुप्पट वेगानं तापतंय. दावोसच्या बर्फ-संशोधन संस्थेनं वाइसफ्लूयोख इथे १९३६ पासून बर्फाची मोजणी चालवली आहे. त्याच दावोसमध्ये आता वेगळा उद्योग चालतो: हिवाळ्यात ढीग करून ठेवलेल्या बर्फावर लाकडाच्या भुशाचा ४० सेंटिमीटरचा थर घालायचा आणि उन्हाळाभर तसाच राहू द्यायचा. सुमारे तीन-चतुर्थांश बर्फ वाचतो. ऑक्टोबरच्या अखेरीला भुसा बाजूला काढतात आणि तो जुना बर्फ गावाबाहेरच्या हिरव्या कुरणावर पट्ट्यानं पसरतात. क्रॉस-कंट्रीवाल्यांचा सराव त्यावर सुरू होतो.