मेमरी कार्डावरचे फोटो संगणकावर उतरवणे

डिजिटल कॅमेऱ्याने टिपलेल्या फोटोंच्या फायली मेमरी कार्डावरून संगणकाच्या डिस्कवर आणण्याची क्रिया. स्टुडिओत तिला ‘कार्ड खाली करणे’ म्हणतात. शब्द सुटसुटीत आहे, पण फसवा. त्यात दोन कामे एका दमात उरकली जातात: फायलींची कॉपी घेणे आणि कार्डावरचे मूळ पुसणे. फोटो गेल्याची पुष्कळ रडगाणी या दोन कामांच्या मध्ये न थांबल्यामुळे सुरू होतात.

सुरुवातीच्या काही कॅमेऱ्यांत काढता येईल असे कार्डच नव्हते. अ‍ॅपलच्या १९९४ मधल्या क्विकटेक १०० मध्ये ६४० × ४८० आकाराचे जेमतेम आठ फोटो मावत आणि ते सिरियल केबलने उतरवावे लागत. सोनीने १९९७ साली माव्हिका कॅमेऱ्यात सरळ साडेतीन इंची फ्लॉपीच बसवली. कॅमेऱ्यातून काढायची, संगणकात सरकवायची, संपले काम. तोवर कार्डांचीही भाऊगर्दी सुरू झाली होती: सॅनडिस्कचे कॉम्पॅक्टफ्लॅश, तोशिबाचे स्मार्टमीडिया, सोनीची मेमरी स्टिक आणि पुढे २००२ मध्ये ऑलिंपस-फुजीफिल्मचे एक्सडी. एकाचे कार्ड दुसऱ्याच्या खाचेत जात नसे, म्हणून चार-पाच खाचांचे कार्ड रीडर विकले जात. अखेर पॅनासॉनिक, सॅनडिस्क आणि तोशिबा यांनी १९९९ मध्ये आणलेले एसडी कार्ड या सगळ्यांना पुरून उरले. ते ३२ मिमी लांब, २४ मिमी रुंद आणि २.१ मिमी जाड असते. व्यावसायिक कॅमेऱ्यांत आता त्याच्या जोडीला सीएफएक्सप्रेसही दिसते.

कार्ड कोणत्याही कंपनीच्या कॅमेऱ्यातले असो, उघडल्यावर आत ‘डीसीआयएम’ नावाचे फोल्डर सापडते. ही १९९८ साली जपानमध्ये ठरलेल्या ‘डीसीएफ’ या मानकाची कृपा. त्यानुसार आतल्या फोल्डरच्या नावात आधी १०० ते ९९९ मधला आकडा आणि पुढे पाच अक्षरे असतात, तर फोटोच्या नावात चार अक्षरे आणि चार अंक. मोबाइलमध्येही हेच फोल्डर आहे. शिस्त चांगली, पण चार अंकांत मोजणी ९९९९ वर संपते आणि पुन्हा ०००१ पासून सुरू होते. त्यामुळे वर्षभराने काढलेल्या दुसऱ्याच फोटोला जुने नाव मिळू शकते. दोन्ही एकाच फोल्डरमध्ये टाकायला गेले की संगणक विचारतो, ‘रिप्लेस करू का?’ घाईत ‘हो’ दाबले की जुना फोटो गेला.

लग्नाच्या कामात हा घोळ दुप्पट होतो. दोन फोटोग्राफर, एकाच कंपनीचे दोन कॅमेरे आणि दोन्ही कार्डांवर सारख्याच नावांच्या फायली. म्हणून प्रत्येक कार्डाला वेगळे फोल्डर करावे आणि त्याच्या नावात तारीख व कॅमेऱ्याची खूण घालावी. तारीख वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने लिहिली की फोल्डर आपोआप क्रमाने लागतात. त्याआधी दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळे मिळवून घ्यावीत. फोटोची वेळ कॅमेऱ्याच्या घड्याळावरून फाइलमध्येच नोंदली जाते. एकाचे घड्याळ तासभर मागे असेल, तर वेळेनुसार लावलेल्या फोटोंत कानपिळी आधी आणि मंगलाष्टके नंतर दिसतात.

कार्डातून फोटो काढायचे दोन मार्ग आहेत: कॅमेऱ्याला केबल जोडणे किंवा कार्ड रीडरमध्ये घालणे. केबल जोडल्यावर अनेक कॅमेरे संगणकाला डिस्क म्हणून न दिसता ‘पीटीपी’ या वेगळ्या भाषेत बोलतात. मग फोटो दिसतात, पण ड्राइव्हचे अक्षर दिसत नाही. शिवाय कॅमेऱ्याची बॅटरी मध्येच संपली, तर कॉपी तिथेच अडते. रीडरला बॅटरी लागत नाही. मात्र कॉम्पॅक्टफ्लॅशच्या काळात रीडरचीही धास्ती असे. पन्नास बारीक पिनांवर कार्ड तिरके दाबले की एखादी वाकलीच.

वेग संगणकाच्या यूएसबी खाचेवर, रीडरवर आणि कार्डावर ठरतो; यांत सगळ्यात सुस्त असेल त्याचे चालते. जुन्या यूएसबी २.० वर प्रत्यक्षात सेकंदाला ३५ एमबी मिळाले, तर भरलेले ६४ जीबीचे कार्ड उतरायला अर्धा तास लागतो. यूएचएस-१ या वेगवान प्रकारच्या एसडी कार्डाला सेकंदाला ९० एमबी देणारा रीडर मिळाला, तर तेच काम बारा मिनिटांत आटोपते. महागडे कार्ड घेऊन जुनाट रीडर वापरणे म्हणजे पैसे पाण्यात.

फायली ‘कट’ करून ‘पेस्ट’ करू नयेत, ‘कॉपी’ कराव्यात. कॉपी झाल्यावर फोटोंची संख्या आणि एकूण आकार कार्डाशी ताडून पाहावेत आणि चार-दोन फोटो पूर्ण आकारात उघडावेत. छोटे चित्र ठीक दिसले म्हणून भागत नाही. ते मूळ फाइलमध्ये वेगळे साठवलेले असते आणि खालचा अर्धा फोटो राखाडी पट्टा झाला तरी शाबूत दिसू शकते. दुसऱ्या डिस्कवर आणखी एक प्रत जाईपर्यंत कार्डाला हात लावू नये. कार्ड काढताना ‘इजेक्ट’ करावे आणि पुसायचे काम संगणकाऐवजी कॅमेऱ्यातल्या ‘फॉरमॅट’वर सोपवावे. मॅकवर कार्डातले फोटो डिलीट केले की ते कार्डावरच्याच लपलेल्या कचरापेटीत जातात. ट्रॅश रिकामा केला नाही, तर कॅमेऱ्यात फोटो एकही नाही आणि कार्ड मात्र भरलेले, असा अजब प्रकार होतो.

एसडी कार्डाच्या कडेला कुलपाची बारीक पट्टी असते. ती खाली ओढली की संगणक कार्डावर काही लिहीत किंवा पुसत नाही. उतरवताना ही खबरदारी उत्तम. पण हे कुलूप फक्त नजरेचे आहे. कार्डाच्या आतल्या चिपला त्याचा पत्ताही नसतो; पट्टी कुठे आहे ते खाच चाचपते. पट्टी तुटून पडली की कार्ड कायमचे ‘लॉक’ दिसते. त्यावर जुना इलाज म्हणजे त्या जागी सेलोटेपचा तुकडा.

चुकून पुसलेला फोटो लगेच नाहीसा होत नाही. डिलीट करताना फक्त यादीतली नोंद रद्द होते. मजकूर नवा फोटो त्यावर लिहिला जाईपर्यंत जागेवरच असतो. कॅमेऱ्यातले साधे फॉरमॅटही बहुधा यादीच कोरी करते. म्हणून चूक लक्षात येताच त्या कार्डावर एकही फोटो काढू नये आणि ते रीडरमध्ये घालून फोटोरेकसारखे मोफत सॉफ्टवेअर चालवावे. पीटीपी केबलवरून हे जमत नाही. हे सॉफ्टवेअर यादीकडे न पाहता जेपीईजी फायलींच्या सुरुवातीची ठरावीक खूण शोधत कार्ड विंचरते. फोटो मिळतात, पण नावे हरवलेली असतात. मग तो ढीग फोटोत नोंदलेल्या वेळेवरून लावत बसावे लागते.